कडकनाथमध्ये पुन्हा पुन्हा फिकी पिल्लं निघतात: दोष शोधायचा कुठे आणि काढायचा कसा

कडकनाथ कोंबड्या पाळणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. नर काळा, माद्या काळ्या, तुरे जांभळट, जिभा काळ्या, विकणाऱ्याने ‘ओरिजिनल’ म्हणून छातीठोकपणे दिलेले पक्षी. पहिल्या वर्षी पिल्लं झकास काळी निघतात. त्याच पिल्लांतून नर-माद्या ठेवून पुढच्या वर्षी अंडी बसवली की प्रत्येक बॅचमध्ये दोन-चार पिल्लं गोऱ्या कातडीची आणि गुलाबी तोंडाची, एखादं तर पिवळ्या पायांचं. पाळणारा ती बाजूला काढतो आणि गावठी म्हणून विकतो. पुढच्या बॅचला पुन्हा तेच. मग कधी खाद्यावर संशय जातो, कधी इन्क्युबेटरच्या तापमानावर, कधी उन्हाळ्यावर.

खाद्याने किंवा तापमानाने कडकनाथची कातडी गोरी होत नाही. फिकं पिल्लू ज्या दिवशी दिसतं, बहुतेक वेळा त्याच्या किमान एक-दोन पिढ्या आधी भेसळ झालेली असते आणि मधल्या काळात ती काळ्या पक्ष्यांच्या पोटात दडून राहते. म्हणून फिकी पिल्लं कितीही काढली तरी दोष संपत नाही. तो संपवायचा तर तुमच्या खुराड्यातला नर तपासावा लागतो. तो कसा तपासायचा हे सांगण्यासाठीच हे लिहितो आहे, पण त्याआधी फिकेपणाचे प्रकार वेगळे करू, कारण सगळी ‘फिकी’ पिल्लं एका कारणाने फिकी नसतात.

पिसं आणि कातडी ही दोन वेगळी खाती

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर आणि धार भागातला. भिल्ल आणि भिलाला समाजाने तो पिढ्यानपिढ्या सांभाळला, तिकडे त्याला ‘काली मासी’ म्हणतात. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या जातीत पिसांच्या रंगावरून तीन प्रकार मानले जातात. पूर्ण काळा म्हणजे जेट ब्लॅक, काळ्यावर पांढरट रेघांचा पेन्सिल्ड आणि मानेवर सोनेरी झाक असलेला गोल्डन. तिन्हींची कातडी, तुरा, जीभ, पाय आणि आतले अवयव काळपट असतात. रक्त मात्र लालच असतं, ‘काळं रक्त’ ही जाहिरातबाजी आहे.

म्हणजे मानेवर सोनेरी पिसं असलेला पक्षी शुद्ध कडकनाथ असू शकतो आणि नखशिखांत काळ्या पिसांचा पक्षी भेसळीचा असू शकतो. पिसांचा रंग ठरवणारी जनुकं वेगळी, कातडीचा काळेपणा ठरवणारी वेगळी. बाजारात सगळ्यांत जास्त फसवणूक इथेच होते. काळ्या ऑस्ट्रॅलॉर्पच्या रक्ताचा पक्षी पिसांनी कडकनाथपेक्षाही चकचकीत काळा असतो, पायही काळे दिसतात. पण त्या पायांचा काळेपणा वरच्या बाजूपुरताच असतो. पक्षी उलटा करून पायाचा तळवा बघा, तो पांढरट असतो. पंखाखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा, आतली कातडी गोरी दिसते.

एक दिवसाचं पिल्लू तपासताना मी पाय शेवटी बघतो. आधी पिल्लू तळहातावर उताणं घेऊन बेंबीच्या आजूबाजूची कातडी बघतो. लव विरळ असल्याने तिथे रंग लगेच कळतो, चांगल्या पिल्लाची कातडी पाटीसारखी निळसर-काळी दिसते. मग चोच हलकेच उघडून टाळू आणि जीभ, मग तुऱ्याची जागा, आणि सगळ्यात शेवटी तळवा. टाळू गुलाबी आणि बेंबीजवळची कातडी गुलाबी असेल तर पायांचा रंग काहीही असो, ते पिल्लू काळ्या कातडीचं नाही.

इथेच एक उलटी चूकही होते. काळ्या पिसांच्या जातींची पिल्लं जन्मतः पूर्ण काळी नसतात. पोटाखाली आणि पंखांच्या टोकाला पिवळट-पांढरी लव असते. पहिल्या पिसांतही पंखाची टोकं पांढरी येतात आणि पुढच्या झडीत, म्हणजे जुनी पिसं गळून नवी येताना, ती जातात. ही काळ्या पिसांच्या जनुकाची नेहमीची खूण आहे, भेसळीची नव्हे. पाठीवर गडद पट्टे असलेली निळसर-काळी पिल्लंही कडकनाथमध्ये नेहमीची. असं पिल्लू ‘क्रॉस’ समजून फेकून देऊ नका. लव बाजूला करून कातडी बघा आणि मगच ठरवा.

काळेपणा देणारं जनुक आणि तो रोखणारं जनुक

कातडीच्या काळेपणाला शास्त्रात फायब्रोमेलानोसिस म्हणतात. कोंबडीच्या २० व्या गुणसूत्रावरच्या एका तुकड्याची दुप्पट झालेली आहे, त्यात ईडीएन३ नावाचं जनुक येतं. ते जास्त प्रमाणात काम करतं, रंगपेशी वाढतात आणि जिथे एरवी जात नाहीत तिथवर पोचतात. २०११ मध्ये हे उलगडलं. चीनची सिल्की, इंडोनेशियाची अयाम सेमानी, स्वीडनची काळी कोंबडी आणि आपला कडकनाथ या सगळ्यांत हाच फेरफार सापडतो. याला आपण सोयीसाठी एफएम म्हणू.

एफएम आई आणि बाप दोघांकडून मिळालं तर पक्षी गडद काळा, त्याला दुहेरी म्हणू. एकाकडूनच मिळालं, म्हणजे पक्षी एकेरी असला, तरी तो काळाच दिसतो, फार तर थोडा कमी गडद आणि तुऱ्यात लाली जास्त. या फरकावर विसंबू नका. एकेरी आणि दुहेरी पक्ष्यांच्या छटा एकमेकांत मिसळतात, आणि वयात आलेल्या चांगल्या नराच्याही तुऱ्यात लालसर झाक येते.

दुसरं जनुक याच्या उलट काम करतं. ते कातडीच्या आतल्या थरातला काळा रंग रोखतं. त्याला आयडी म्हणू. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत, म्हणजे लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, ब्रॉयलर आणि आपल्याकडच्या अनेक गावठींत, हे असतं. ते प्रभावी आहे, एक प्रत असली तरी काळेपणा दाबला जातो. आणि ते झेड या लिंग-गुणसूत्रावर आहे. कोंबड्यांत नराकडे दोन झेड असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मादी आपला झेड फक्त मुलग्यांना देते. तलंगांना, म्हणजे मादी पिल्लांना, झेड मिळतो तो बापाचाच.

इंग्लंडच्या बेटसन आणि पनेट या आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी १९११ मध्ये सिल्की आणि तपकिरी लेगहॉर्न यांचा संकर करून हेच दाखवलं होतं. सिल्की मादी आणि लेगहॉर्न नर लावला तर सगळी पिल्लं फिकी. उलट, लेगहॉर्न मादी आणि सिल्की नर लावला तर नर पिल्लं फिकी आणि माद्या गडद काळ्या. हा निकाल नीट लक्षात ठेवा, पुढे नर तपासताना त्याचा थेट उपयोग होणार आहे.

फिकी पिल्लं कोणती आहेत, नर की मादी?

पहिली गोष्ट ही करा. फिकी निघालेली पिल्लं लगेच विकू नका. रिंग घालून वेगळी वाढवा आणि त्यांतले नर किती, माद्या किती ते दीड-दोन महिन्यांनी मोजा. बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि हाती आलेला पुरावा बाजारात जातो.

फिकी पिल्लं सगळी नर निघाली आणि माद्या सगळ्या काळ्या, तर दोष एखाद्या मादीत आहे. तिच्याकडे आयडी आहे. ती स्वतः फिकट असणारच, कारण मादीला आयडी लपवता येत नाही. एकच झेड, त्यावर जे आहे ते दिसतं. माझ्या पाहण्यात अशी मादी बहुतेक वेळा ‘थोडी उजळ आहे पण अंडी चांगली देते’ म्हणून राखलेली असते. ती काढली की विषय संपतो.

फिकी पिल्लं नर आणि मादी दोन्हींत आहेत आणि साधारण निम्मी आहेत, तर आयडीची एक प्रत नराकडे आहे. त्याच्या पायांच्या तळव्यावर, मांडीच्या आतल्या बाजूला आणि तुऱ्यावर ते दिसायला हवं. अशा नराला पुन्हा माद्यांत सोडू नका.

फिकी पिल्लं दोन्ही लिंगांत आहेत, प्रमाण चौथाईच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे, आणि आई-बाप दोघेही चांगले काळे आहेत, तर हा खरा चिवट प्रकार. इथे आई-बापांकडे एफएम एकेरी आहे. दोघांकडून रिकामी बाजू मिळालेलं पिल्लू गोरं निघतं. पाय मात्र अनेकदा पाटीच्या रंगाचे असतात, त्यामुळे पाळणारा गोंधळतो. याच प्रकारासाठी पुढची सगळी उस्तवार आहे.

एखाद्या बॅचमध्ये बारा-पंधरा पिल्लं असतील तर ‘चौथाई’ किंवा ‘निम्मी’ असा हिशोब मांडू नका. इतक्या कमी पिल्लांत प्रमाण कसंही हलतं. दोन-तीन बॅचची बेरीज करा, मग बोला.

पिवळे पाय दिसले तर आणखी एक गोष्ट कळते. कातडीचा पिवळेपणा दबून राहणारा गुण आहे, तो आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो आणि काळेपणाखाली आरामात लपतो. म्हणजे पिवळ्या पायांचं एक पिल्लू निघालं याचा अर्थ तुमच्या पक्ष्यांत दोन्ही बाजूंनी बाहेरचं रक्त आहे. गंमत अशी की २००८ च्या संशोधनाने हा पिवळेपणा लाल रानकोंबड्याकडून न येता करड्या रानकोंबड्याकडून पाळीव कोंबडीत आला असं दाखवलं. तो आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडतो तोच.

भेसळ आत शिरते कुठून

विकत घेतलेले पक्षीच मिश्र असतील तर तो एक मार्ग झाला. कडकनाथला मागणी वाढल्यापासून कडकनाथ आणि गावठीचा संकर ‘कडकनाथ’ म्हणून सर्रास विकला जातो. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कॅरी श्यामा नावाचा कडकनाथचा संकर अधिकृतपणे विकसित केला आहे, आणि परसबागेसाठी तो चांगला पक्षी आहे. पण त्याच्या पिल्लांपासून शुद्ध कडकनाथ मिळणार नाही. संकर म्हणून घेतलेला पक्षी संकर म्हणूनच पाळावा.

दुसरा मार्ग घरातलाच आहे. कोंबडी नराचं बीज आपल्या शरीरात दोन-तीन आठवडे जपून ठेवते. शेजारचा गावठी कोंबडा कुंपणावरून एकदा येऊन गेला, किंवा तुम्ही जुना नर काढून नवा आणला आणि आठव्या दिवसापासून अंडी गोळा करायला सुरुवात केली, तर त्या अंड्यांतली कितीतरी जुन्या नराची असतात. नर बदलल्यावर चार आठवड्यांची अंडी खायला वापरा. हा एक नियम पाळला तरी निम्म्या घरांतला गोंधळ कमी होईल असं माझं ठाम मत आहे.

आणि हा गावठी कोंबडा पाटीच्या किंवा हिरवट पायांचा असेल, म्हणजे त्याच्याकडे आयडी नसेल, तर त्याची कडकनाथ माद्यांपासून झालेली पिल्लं काळीच दिसतात! एफएम आईकडून आलेलं असतं, रोखणारं जनुक नसतं. पाळणाऱ्याला काहीही खटकत नाही. त्यांतला सगळ्यांत देखणा, अंगाने भरलेला नर तो पुढच्या वर्षासाठी ठेवतो, कारण संकरामुळे तो खरोखरच जोमदार असतो. पुढच्या पिढीत फिकी पिल्लं निघायला लागतात आणि त्या एका कुंपणावरच्या कोंबड्याची कुणाला आठवणही नसते.

तिसरा मार्ग खुडूक कोंबडीचा. कडकनाथ मादी अंड्यांवर नीट बसत नाही, म्हणून अंडी गावठी खुडकीखाली घालतात. बसण्याआधी तिने स्वतःचं घातलेलं एखादं अंडं त्यात राहून जातं, किंवा दुसरी कोंबडी येऊन तिथेच अंडं घालते. बसवलेल्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने खूण आणि तारीख टाका, आणि बिनखुणेचं अंडं रोज संध्याकाळी उचला.

फिकी पिल्लं काढून का भागत नाही

समजा तुमच्याकडे १०० पिल्लांमागे ४ फिकी निघतात. वाटतं, ४ टक्के म्हणजे किरकोळ. पण एफएमच्या हिशोबाने अशा कळपात १०० पैकी ३२ पक्षी काळे दिसूनही एकेरी असतात. उरलेल्या ९६ काळ्यांत दर तिसरा पक्षी दोष घेऊन फिरतो. तुम्ही फक्त ती ४ फिकी काढत राहिलात तर प्रमाण १०० मागे १ वर यायला पाच पिढ्या लागतात. पाच पिढ्या म्हणजे वर्षाला एक पिढी धरली तर पाच वर्षं, आणि तेव्हाही दोष संपलेला नसतो.

नर तपासून फक्त दुहेरी नर ठेवले तर पहिल्याच पिढीत फिकं पिल्लू निघणं बंद होतं, कारण बापाकडून प्रत्येक पिल्लाला एफएम मिळतंच. शिवाय एकेरी पक्ष्यांचं प्रमाण दर पिढीला निम्मं होतं, तिसरा हिस्सा, मग सहावा, मग बारावा. माद्या तपासत बसायची गरज नाही. एका मादीची पिल्लं मोजकी असतात, एका नराची शेकडो. सगळा जोर नरावर लावा.

नर तपासायची रीत

नर वयात आलेला, निरोगी आणि कातडीने चांगला काळा असावा. त्याला तीन-चार गावठी माद्यांबरोबर वेगळ्या खुराड्यात ठेवा. या माद्या गोऱ्या कातडीच्या हव्यात, आणि शक्यतो पाटीच्या किंवा हिरवट पायांच्या. हिरवट पाय म्हणजे पिवळी कातडी आणि तिच्याखाली काळा रंग, याचा अर्थ आयडी नाही. या माद्या आधी चार आठवडे कुठल्याही नराशिवाय ठेवलेल्या असाव्यात. नर सोडल्यावर पहिल्या आठवड्याची अंडी सोडून द्या, मग बसवायला गोळा करा. २१ दिवसांनी पिल्लं निघतील.

नर दुहेरी असेल तर एकूण एक पिल्लू काळ्या कातडीचं. एकेरी असेल तर साधारण निम्मी गोरी. एकही खात्रीचं गोरं पिल्लू निघालं की नर बाद, पुढे थांबायची गरज नाही. सगळी काळी निघत असतील तर किती पिल्लांवर विश्वास ठेवायचा? एकेरी नराकडून सलग ७ पिल्लं काळी निघण्याची शक्यता १२८ त १, सलग १० काळी निघण्याची १०२४ त १. दहा जिवंत, नीट तपासलेली पिल्लं पुरेत.

पाटीच्या पायांच्या गावठी माद्या मिळाल्या नाहीत आणि पिवळ्या पायांच्याच आहेत, तर चाचणी वाया जात नाही. बेटसन-पनेटचा निकाल आठवा. अशा जोडीत नर पिल्लांना आईकडून आयडी मिळेल, ती फिकी निघतील, त्यांच्याकडे लक्षच देऊ नका. तलंगांना झेड फक्त बापाचा मिळतो, त्यांच्यावर आयडीचा परिणाम नाही. पिल्लं दीड-दोन महिन्यांची होऊन नर-मादी स्पष्ट कळू द्या आणि फक्त माद्यांची कातडी मोजा. दहा माद्या मिळायला साधारण वीस-बावीस पिल्लं काढावी लागतील, इतकाच जास्तीचा खर्च.

काहींकडे गावठी माद्या वेगळ्या ठेवायला जागा नसते. त्यांनी नराला अशा कडकनाथ मादीशी लावावं जिला आधी फिकं पिल्लू झालेलं आहे, म्हणजे जी एकेरी असल्याचं सिद्ध आहे. इथे एकेरी नराकडून चौथाईच पिल्लं फिकी निघतात, म्हणून चाचणी लांबते. ९९ टक्के खात्रीसाठी सलग १६ काळी पिल्लं लागतात.

गावठी माद्यांपासून झालेली चाचणीची पिल्लं काळी दिसली तरी ती सगळी संकरित आणि एकेरी आहेत. ती वेगळ्या रिंगने वाढवा, खायला किंवा गावठी म्हणून विकायला ठेवा. कडकनाथ म्हणून एकही बाहेर जाऊ देऊ नका. तुमच्या घरातून गेलेली अशी दोन पिल्लं दुसऱ्या कुणाच्या पाच वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतात.

आता पिसांकडे

कातडी ठीक आहे, पण जेट ब्लॅक जोडीच्या नर पिल्लांच्या मानेवर चार-पाच महिन्यांनी चांदी किंवा सोनं उतरतं, ही दुसरी नेहमीची तक्रार. कारण असं की काळ्या पिसांचं जनुक दुसऱ्या रंगावर पूर्ण पांघरूण घालत नाही. त्याची एकच प्रत असेल, किंवा सोबतीला काळा रंग वाढवणारी इतर जनुकं कमी असतील, तर मान, पाठीचा मागचा भाग आणि खांदे इथे खालचा रंग डोकावतो. आणि तो नरात डोकावतो, कारण नराची तीच पिसं लांब, टोकदार आणि रंग दाखवणारी असतात. मादी त्याच घडणीची असूनही पूर्ण काळी दिसू शकते.

म्हणून जेट ब्लॅक लाईनसाठी मादी निवडताना तिच्या सख्ख्या भावांच्या माना बघाव्या लागतात. भाऊ स्वच्छ काळे असतील तर बहीण ठेवा. मादी कितीही काळी असो, तिच्या भावांच्या मानेवर सोनं असेल तर ती पेन्सिल्ड किंवा गोल्डन गटात टाका. यासाठी पिल्लं कुठल्या मादीची हे माहीत हवं. पायात रिंग आणि साधी वही पुरते.

चांदी की सोनं हेही झेडवरचं जनुक ठरवतं आणि चांदी प्रभावी असते. नराकडे एक चांदीची आणि एक सोन्याची प्रत असली की मानेची पिसं मळक्या पिवळट रंगाची दिसतात, ना धड पांढरी ना सोनेरी. असा नर पेन्सिल्ड लाईनमध्येही नको आणि गोल्डनमध्येही नको, दोन्हीकडे तो मिसळ करतो. मादीत ही भानगड नाही, ती एक तर चांदीची किंवा सोन्याची. तिन्ही प्रकार एकाच खुराड्यात सोडून ‘जे निघेल ते’ पाहणाऱ्यांना पुढे तिन्हींपैकी एकही प्रकार हाती लागत नाही. तीन खुराडी शक्य नसतील तर एकच प्रकार पाळा.

पांढऱ्या पिसांचं पिल्लू निघालं तर आधी कातडी बघा. कातडी काळी आणि पिसं निखळ पांढरी असतील तर आई-बाप दोघांकडे दबून राहणारा पांढरा गुण आहे. पांढऱ्या पिसांवर इकडे तिकडे काळे ठिपके असतील तर तो लेगहॉर्नचा प्रभावी पांढरा असण्याची शक्यता मोठी. तो सहसा लपत नाही, म्हणजे बाप बाहेरचा किंवा अंडं बाहेरचं. आडव्या पट्ट्यांची पिसं आणि जन्मतः डोक्यावर पांढरा ठिपका दिसला तरी तोच निष्कर्ष. पट्ट्यांचं जनुक पायांचा रंगही फिका करतं.

खाद्याचा संबंध येतो तो इथे, पिसांत, आणि तोही थोडा. वाढत्या पिल्लांना लायसीन, फॉलिक ॲसिड, लोह किंवा तांबं कमी पडलं तर काळी-लाल पिसं मध्येच पांढरी येतात. एकमेकांना टोचून उपटलेल्या जागीही कधी पांढरं पीस येतं. खाद्य सुधारून पुढच्या झडीपर्यंत थांबा. पिसं काळी आली तर रक्तात दोष नव्हता. भर उन्हात फिरणाऱ्या पक्ष्यांची जुनी पिसं तांबूस पडतात, तीही झडीनंतर पुन्हा काळी येतात, म्हणून एप्रिल-मे महिन्यात रंगावरून पक्षी बाद करू नका.

किती नर ठेवायचे

तपासलेला एक उत्तम नर सापडला की बहुतेक जण त्याच्यावरच सगळा कळप चालवतात. हा मोह टाळा. एक नर आणि दहा माद्या असा बंद कळप दर पिढीला सुमारे १४ टक्के दराने नात्यात अडकत जातो. तीन-चार पिढ्यांत अंडी कमी उबतात, पिल्लं मरतुकडी निघतात, आणि रंग शुद्ध होऊन उपयोग राहत नाही. चार नर आणि वीस माद्या ठेवल्या तर तोच दर पावणेचार टक्क्यांवर येतो. म्हणून दर हंगामात एकच नर तपासून थांबू नका. वेगवेगळ्या मातांचे पाच-सहा नर एकदम चाचणीला लावा, त्यांतले तीन-चार तरी दुहेरी निघाले पाहिजेत.

पहिल्या वर्षी इतके दुहेरी नर मिळाले नाहीत तर एखादा एकेरी नर, जोमदार आणि वेगळ्या रक्ताचा असेल तर, ठेवायला हरकत नाही. फक्त त्याला स्वतंत्र खुराड्यात चार-पाच माद्यांबरोबर ठेवा, त्याच्या पिल्लांची रिंग वेगळ्या रंगाची ठेवा, आणि त्याच्या मुलांपैकी जे नर चाचणीत दुहेरी ठरतील तेच मुख्य कळपात आणा. एकेरी मादी चांगली अंडी देणारी आणि रोगाला न बधणारी असेल तर तिलाही दुहेरी नराबरोबर खुशाल ठेवा, तिची सगळी पिल्लं काळीच निघणार आहेत.

चाचणी हिवाळ्यात उरका. नोव्हेंबरात माद्या वेगळ्या काढल्या तर डिसेंबरात नर सोडता येतो, जानेवारीत अंडी बसतात आणि फेब्रुवारीत पिल्लांची कातडी तुमच्या हातात असते. उन्हाचा तडाखा सुरू झाला की अंडी उबण्याचं प्रमाण घसरतं, दहा पिल्लं जमवायला दुप्पट अंडी खर्ची पडतात, आणि चाचणी अर्धवट सोडून पाळणारा पुन्हा डोळ्यांनी नर निवडायला लागतो.